टॅम्सिनचा हिरवा गोल

सोमवार, ८ एप्रिल

क्षमस्व. कोणाची क्षमा मागतोय ते नक्की नाही, कारण ही वही माझ्याखेरीज कोणी उघडत नाही. शेवटची नोंद २८ जानेवारीची: "हॉस्पिटलची बॅग भरली. पेट्रोल फुल्ल. आम्ही तयार." दोन दिवसांनी हेटी जन्मली आणि त्यानंतर आजपर्यंत एक ओळ नाही. झोप झाली नाही, हे कारण आहे. पण खाणीत कोणी हे कारण दिलं तर मी लिहून घेत नाही, तेव्हा स्वतःकडूनही घेत नाही.

आज पुन्हा सुरुवात, कारण नोंद ठेवण्याजोगं साधन हाती आलं. बालआरोग्य केंद्रातल्या नर्सने, पॉलिनने, माझ्या आणि टॅम्सिनच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. नाव पेलिकन. नव्या आईबापांचं मन थाऱ्यावर आहे का, हे बघण्यासाठी. रोज सकाळी एक प्रश्न, आज कसं वाटतंय, आणि दर सोमवारी दहा. उत्तरांप्रमाणे एक गोल रंगतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे जरा लक्ष असू द्या. लाल झाला की पॉलिनचा फोन येतो. दोघांची परवानगी असेल तर नवराबायकोला एकमेकांचा गोल दिसतो. मी ताबडतोब परवानगी दिली. टॅमने माझ्याकडे पाहिलं, मग पॉलिनकडे, मग दिली.

परवा रजा संपते, मी खाणीवर परत. दोन आठवडे तिकडे उत्तरेला, एक आठवडा इथे बाल्डिव्हिसला घरी, असं अकरा वर्षं चाललंय. तेव्हा घरी टॅम एकटी असायची. आता टॅम आणि हेटी एकट्या असतील. सहा वर्षं वाट बघून, चार वेळा उपचार करून झालेलं मूल आहे. टॅम एकोणचाळीसची, मी चव्वेचाळीसचा. चुकायला वाव नाही.

पेलिकन मला मनापासून आवडलं. सुरक्षा अधिकारी म्हणून माझी सगळी नोकरी एवढ्याचसाठी चालली आहे, की माणूस आत कसा आहे याचा दिवा बाहेर लागावा. निश्चय: रोज पहाटे सव्वापाचला, शिफ्टच्या मीटिंगआधी, टॅमचा गोल बघायचा. संध्याकाळी फोन. सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं.

बुधवार, १० एप्रिल. सकाळी ५.४०, विमानतळ

काल संध्याकाळी दोन कामं उरकली. फ्रिजवर पांढरा फळा लावला: "घटनेविना दिवस". खाणीच्या फाटकावर असतो तसाच, लहान. आणि न्हाणीघरात हेटीच्या अंघोळीची यादी, प्लास्टिकमध्ये बंद करून, दोरीला पेन बांधून. सात बाबी. पाणी कोपराने तपासलं, टॉवेल हाताशी ठेवला, फोन दुसऱ्या खोलीत, वगैरे. रोज खूण करायची.

टॅमने विचारलं, मी मांजराला अडखळून पडले तर आकडा शून्य होणार का. म्हटलं, हो, तेच तर तत्त्व आहे. मग तिने विचारलं, शून्य कोणी लिहायचं, पडलेल्या माणसानेच का. प्रश्न नेमका होता. ती यात रस घेते आहे हे बघून बरं वाटलं.

निघताना ती दारात उभी होती. हात हलवायला हात मोकळा नव्हता.

सोमवार, १५ एप्रिल. कॅम्प

आज माझे दहा प्रश्न. चाळीस मिनिटं लागली. लोक अशी उत्तरं घाईत देतात, मी देणार नाही.

सातवा प्रश्न: गेल्या सात दिवसांत रडू आलं का? कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, सतत. इथे अडकलो. कॅम्पातली माझी खोली पत्र्याची, तीन पावलं लांब, कोपऱ्यात शॉवर. गुरुवारी आणि काल शॉवरखाली चेहरा ओला होता. पण शॉवरखाली चेहरा ओला असणारच. त्यातलं पाणी किती नि कुठलं, हे सांगायला साधन नाही, आणि मोजता येत नाही ते मी अहवालात घालत नाही. "कधीच नाही" लिहिलं. नंतर वाटलं, हे प्रामाणिक झालं का? बराच वेळ विचार केला. झालं. शिवाय माझा पिवळा गोल टॅमला दिसला असता, आणि तिच्यावर आणखी भार नको.

गोल हिरवा आला. पास झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

मंगळवार, १६ एप्रिल

टॅम पिवळी.

५.१५ ला पाहिलं, ५.२० ला फोन केला. पाच मिनिटं उशीर झाला, कारण आधी शांत कसं बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. ती झोपली होती. रात्रभरात पहिल्यांदाच, म्हणाली, वीस मिनिटांपूर्वी डोळा लागला होता. म्हणजे गोल तिने त्याच्या आधी भरला असणार. हा मुद्दा नोंदवून घेतला.

खाणीत काही घडलं की आम्ही पाच वेळा "का" विचारतो. पाचव्या "का"ला मूळ कारण सापडतं. तसंच केलं. का पिवळं? थकलेय. का थकलीस? झोप नाही. का झोप नाही? हेटी उठते. का उठते? यावर ती म्हणाली, कारण ती अकरा आठवड्यांची आहे. पाचवा विचारायच्या आत फोन बंद झाला. रेंजचा प्रश्न असेल.

मग मीच तिच्यासाठी फॉर्म तयार केला. चार पानं. पहिलं पान तिच्या वतीने भरूनही ठेवलं, म्हणजे तिला तीनच राहतील. मेल केला. सल्ला एकही दिला नाही. निश्चय पाळला गेला.

बुधवार, १७ एप्रिल

टॅम हिरवी. एका दिवसात. फॉर्म परत आलेला नाही, पण परिणाम दिसतो आहे.

सोमवार, २२ एप्रिल

वाईट दिवस. इथे शंभर दिवस कोणाला इजा झाली नाही की सगळ्या शिफ्टला स्टेकची पार्टी असते. आज शहाण्णवावा दिवस. दुपारी डंपर चालवणाऱ्या विरेमूने पाणी पिताना हातमोजा काढला. डावा अंगठा काळानिळा, नख सुटलेलं. गुरुवारी दारात सापडला होता. चार दिवस मोज्यात घालून फिरतोय.

विरेमू न्यूझीलंडचा माओरी. चार पोरांचा बाप, माझ्या दुप्पट अंगाचा. मला "क्लिपबोर्ड साहेब" म्हणतो, प्रेमाने. ऑफिसात बसवून विचारलं, लपवलंस का.

"साहेब, आधी नुसता अंगठा दुखत होता," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितलं असतं तर पार्टी गेली म्हणून चाळीस माणसं माझ्यावर खार खाऊन राहिली असती, आणि तुम्ही मला तीन दिवस खुर्चीत बसवून अंगठा कसा नाचला त्याचं चित्र काढून दाखवायला लावलं असतं."

तीन नाही, दोन दिवस. पण बाकी त्याचं म्हणणं मी मन मोकळं ठेवून ऐकलं. घरी कसं आहे, हेही त्याने विचारलं. त्याची बायको तिसऱ्या पोराच्या वेळी म्हणे गॅरेजात गाडीत जाऊन बसायची, गाडी सुरू न करता, तासन्‌तास. मी त्याला टॅमचा गोल दाखवला. चांगलंय, म्हणाला, आणि मोजा घालायला लागला.

निष्कर्ष: माणसं इजा लपवतात, कारण न लपवण्याचं महत्त्व त्यांना पुरेसं समजावून सांगितलेलं नाही. "पहिला फॉर्म का भरला नाही" यासाठी एक वेगळा फॉर्म लागेल. मसुदा आजच सुरू केला.

शुक्रवार, २६ एप्रिल. घरी

घर चकाचक. टॅम हेटीचे कपडे दिवसातून तीनदा धुते, मी मोजलं. फ्रिजवरच्या फळ्यावर १६. अंघोळीच्या यादीत रोजच्या सात खुणा, एकही चुकलेली नाही. मला भरून आलं.

एक विसंगती आढळली. बाळाचा टब कोरडा ठाक, तळाशी एक मेलेला पतंग. टॅम म्हणाली, ती सध्या हेटीला ओल्या फडक्याने पुसून काढते, टबाने त्वचा कोरडी पडते. मग खुणा? त्या सवयीने करते, म्हणाली. यादी अंगवळणी पडली आहे, हेच तर हवं होतं.

आज मी स्वतः अंघोळ घालतो म्हटलं. टॅम मागच्या अंगणात गेली. हेटी पाण्यात खूष होती, पाय मारत होती. खिडकीतून टॅम दिसत होती, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी. दोरीवर कपडे नव्हते. चिमटे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत होती, एकेक. अंघोळ झाल्याचं मी ओरडून सांगितल्यावर आत आली. तिला स्वतःसाठी थोडा वेळ मिळाला, हे चांगलं झालं.

काल सुट्टी होती, तेव्हा सासूबाई, लॉरेन, बिस्किटं करून घेऊन आल्या होत्या. मला स्वयंपाकघरात गाठलं. पोरीचं काहीतरी बिनसलंय, म्हणाल्या. मी विचारलं, नेमकं काय पाहिलंत.

"मी म्हटलं पडदे धुवायला झालेत, तर 'हो आई' म्हणाली. म्हटलं तू बारीक झालीस, तर 'हो आई'. अरे गॅरेथ, एकोणचाळीस वर्षांत माझी मुलगी मला कधी 'हो आई' म्हणालेली नाही."

मी त्यांना फोनवर आलेख दाखवला. अठरा दिवस, एकच पिवळा. लॉरेन आलेखाकडे बघत राहिल्या, आणि मग बिस्किटांचा डबा न घेताच गेल्या. जुन्या पिढीला आकडे पटायला वेळ लागतो.

स्वतःला विचारलं, मी काही बघायचं टाळतोय का? रविवारपर्यंत यावर विचार करायचं ठरवलं.

सोमवार, २९ एप्रिल

पॉलिनचा फोन, नेहमीचा. दोघंही हिरवे, पुढचा फोन जुलैत. रविवारी राहून गेलेला विचार यामुळे करावा लागला नाही.

शुक्रवार, ३ मे. कॅम्प

आज एका टोळीला पकडलं. डंपर सुरू करण्याआधी तेवीस गोष्टी तपासून खुणा करायच्या असतात. यांनी सगळ्या खुणा चहा पिता पिता एकाच दमात केलेल्या. शाईवरूनच कळतं. तेवीस खुणा, सगळ्या सारख्याच तिरक्या, हात न उचलता. सगळ्यांना परत पाठवलं आणि सांगितलं, रोज सगळं तंतोतंत ठीक असेल तर मला काळजी वाटायला लागते, कारण खरं यंत्र कुठेतरी कुरकुरतंच. विरेमू म्हणाला, हे वाक्य साहेबांनी छापून घ्यावं.

टॅमचं उत्तम. पेलिकनमध्ये उत्तरं भरल्याची वेळही दिसते. या सोमवारी दहा प्रश्न: सुरुवात ६.०२, शेवट ६.०२. मला चाळीस मिनिटं लागतात. तिचं मन किती स्वच्छ झालंय याचाच हा पुरावा. थोडा हेवा वाटला.

माझी झोप सरासरी साडेतीन तास. गोल हिरवा ठेवला.

शुक्रवार, १० मे

तांत्रिक बिघाड. टॅमचा गोल सकाळी हिरवा होता, दुपारी राखाडी झाला. राखाडी रंग माहितीपत्रकात नाही. पेलिकनच्या मदत विभागाला लिहिलं, चार स्क्रीनशॉट जोडले, तातडीचं म्हणून खूण केली.

संध्याकाळी टॅमने फोन उचलला नाही. मग मेसेज आला: "दोघी सुरक्षित आहोत. फोन करू नकोस."

"सुरक्षित." हा शब्द तिने आजवर कधी वापरला नव्हता, माझी चेष्टा करतानाच तेवढा. दोनदा वाचला. आवडला.

रविवार, १२ मे

आज मदर्स डे, टॅमचा पहिला. फुलं पाठवली होती, महागातली. दुकानाचा मेसेज: घरी कोणी नाही, फुलं शेजारी ठेवली. फिरायला गेल्या असतील. फळ्यावरचा आकडा आता बत्तीस असणार.

मदत विभागाचं उत्तर आलं. बिघाड नाही. समोरच्या व्यक्तीने आपला गोल तुम्हाला दाखवणं बंद केलं आहे, राखाडीचा अर्थ तोच.

एका हाताने फोन धरला की अंगठा भलतीकडे लागतो. बाळ दुसऱ्या हातावर असतं. घरी गेल्यावर सेटिंग नीट करून द्यायचं.

दुपारी पुन्हा विचार केला. अंगठा लागला तरी अ‍ॅप "नक्की ना?" असं विचारतं. मी स्वतः तपासून पाहिलं. दोनदा विचारतं.

सोमवार, १३ मे. विमानात

लॉरेनचा फोन सकाळच्या मीटिंगमध्ये आला. मी बोलत होतो, घ्यायला नको होता, घेतला.

टॅम हॉस्पिटलात आहे. शुक्रवारपासून. हेटीही तिच्याबरोबर, धड आहे. शुक्रवारी सकाळी टॅमने हेटीला गाडीत बसवलं, एकटीने चालवत शहरात गेली आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर सांगितलं की मला या बाळाबरोबर एकटं ठेवू नका. आईला रात्री कळवलं, आणि गॅरेथला इतक्यात सांगू नको म्हणाली. लॉरेननी तीन दिवस दम धरला.

मी त्यांना म्हटलं, पण शुक्रवारी सकाळी तर हिरवा होता. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती.

विरेमू गाडीने धावपट्टीपर्यंत सोडायला आला. उतरताना माझी बॅग त्यानेच उचलली, दुखऱ्या हाताने.

मंगळवार, १४ मे

काल रात्री घर उघडलं. फळ्यावर ३०. निघायच्या आधी तिने तो आकडाही लिहिला होता. अंघोळीच्या यादीवर शुक्रवारच्या सात खुणा. टब कोरडा.

आज वॉर्ड. तिथे आया आणि बाळं एकत्र असतात आणि दार नर्स उघडते. टॅम खिडकीशी बसली होती. हेटी तिच्यापासून हातभर लांब, एका नर्सच्या मांडीवर. विमानात मी अकरा प्रश्न लिहून काढले होते. एकच विचारला, मला का सांगितलं नाहीस.

"एकदा सांगितलं होतं," टॅम म्हणाली. "पिवळं. तू मला झोपेतून उठवलंस आणि वर चार पानं पाठवलीस."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मग तिने उरलेलं सांगितलं, नर्सकडे बघत, माझ्याकडे नाही. टबात पाणी सोडलं की तिच्या डोळ्यांसमोर एक चित्र यायचं. हेटी पाण्याखाली, आणि तिचे स्वतःचे हात. रोज. म्हणून तिने पाणी सोडणंच बंद केलं, आणि खुणा करत राहिली, कारण खूण चुकली तर मी फोन करीन. बाळाला पाण्यापासून लांब ठेवायचं आणि मला फोनपासून, दोन्ही तिला एकटीलाच करावं लागलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, आता तू जा.

बाहेर रोवेना नावाच्या नर्सने मला थांबवलं आणि विचारलं, तुम्ही कसे आहात. मी झोपेची सरासरी सांगितली.

"मी आकडा विचारला नाही," ती म्हणाली, आणि घाई नसल्यासारखी तिथेच उभी राहिली.

चेहरा ओला झाला. तिथे शॉवर नव्हता.

गुरुवार, १६ मे. घरी

सकाळी पेलिकनने विचारलं, आज कसं वाटतंय. खरं लिहिलं. मला चाळीस मिनिटं लागली नाहीत. गोल लाल झाला. पॉलिनचा फोन दहा मिनिटांत आला. तुमच्याबरोबर घरी कोण आहे, तिने विचारलं. कोणी नाही म्हटलं. तिने उद्या सकाळी अकराची वेळ दिली आणि तोवर दोनदा फोन करीन म्हणाली.

नंतर अ‍ॅपमध्ये एक पान सापडलं, कधी उघडलं नव्हतं. "तुमचा गोल जोडीदाराने शेवटचा पाहिला: १६ एप्रिल, सकाळी ५.४१." म्हणजे त्या फोननंतर लगेच. फोन बंद झाल्यावर पुन्हा झोपायच्या ऐवजी तिने मी कसा आहे ते बघितलं. मी हिरवा होतो. त्यानंतर तिने एकदाही पाहिलेलं नाही. महिनाभर मी जिच्यासाठी हिरवा राहिलो ती बघतच नव्हती.

दुपारी वॉर्डातून फोन. टॅमला इतक्यात भेट नको आहे. लॉरेन जातील. तिने एकच वस्तू मागितली आहे, घरची तिची उशी. तिथल्या उशीवर मान धरते.

पलंगावर दोन उशा आहेत. एकाच दुकानातल्या, एकसारखे अभ्रे. डावी बाजू तिची, असं मी धरून चाललो होतो. पण मी वर्षाचे तीनातले दोन हिस्से इथे नसतो, आणि मी नसताना ती कुठल्या बाजूला झोपते ते मला माहीत नाही. दोन्हींवर तिचे केस आहेत. दोन्हींना दुधाचा वास. दोन्ही उजेडात धरून पाहिल्या, वजन करून पाहिल्या. एक बावीस ग्रॅमने जास्त आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

लॉरेनना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, ते मला विचारतोस?"

उद्या: दोन्ही उशा वॉर्डाच्या काउंटरवर ठेवून यायच्या.